1918 च्या वहीत पानभर ‘ताप, कित्ता, कित्ता’: हा प्लेग की मानमोडी?

खानापूरची_वही

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावची जुनी जन्म-मृत्यूची वही (गाव नमुना 14) वाचायला घेतली आहे. गावाच्या इतिहासाची पुस्तिका निघतेय, त्यासाठी. मजकूर मोडीत आहे, तो लागतोय. अडलंय ते 1918 सालावर.

ऑगस्टपर्यंत वही नेहमीसारखी चालते. एखादं तान्हं मूल, एखादी म्हातारी, एखादा साप चावून गेलेला. कारणं वेगवेगळी. ऑक्टोबर लागला की पान एकदम गच्च भरतं. कारणाच्या रकान्यात वर एकदा ‘ताप’ आणि खाली तळापर्यंत ‘कित्ता, कित्ता, कित्ता’, म्हणजे वरच्याप्रमाणेच. बऱ्याच ओळींचं अक्षर एक, शाई एक, टाकाची जाडीही एक. वयं बघितली तर विशीतली आणि तिशीतली. बायकांची नावं जास्त. नोव्हेंबर संपता संपता पान परत विरळ होतं.

गावात कुणी याला प्लेग म्हणतं, कुणी मानमोडी. त्याच वहीत आधीच्या काही वर्षांत ‘प्लेग’ असं स्वच्छ लिहिलेलं आहे, 1918 ला मात्र तसं नाही. तर विचारायचं ते असं: रोग कुठला होता हे वहीवरून ठरवता येतं का? त्यात किती माणसं गेली हे छापायचं तर आकडा कसा काढायचा? आणि बायकाच जास्त का?

दप्तरी_माणूस

तुम्ही सांगताय त्यावरून ही मानमोडीच, म्हणजे 1918 चा इन्फ्लुएंझा. पण छापायच्या आधी खात्री करून घ्या, आणि ती कारणाच्या रकान्यावरून करू नका. तो रकाना या साली काहीच सांगत नाही.

त्या काळी मृत्यूची कारणं ठरलेल्या खान्यांतच बसवायची असत: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण-आमांश, श्वासाचे विकार, इजा आणि इतर. गावात डॉक्टर नव्हता. नोंद पाटील-कुलकर्ण्यांनी करायची, खबर कोतवालाने आणायची. ‘इन्फ्लुएंझा’ असा खानाच नव्हता, म्हणून ती सगळी माणसं ‘ताप’मध्ये गेली आणि थोडी ‘श्वासाचे विकार’मध्ये. हे फक्त तुमच्या गावाचं नाही, मुंबई इलाख्याच्या (इंग्रजी अमलातल्या मुंबई प्रांताच्या) वार्षिक आरोग्य अहवालांतही त्या साली तापाचा आकडा असाच फुगलेला आहे. प्लेगची गोष्ट वेगळी होती. प्लेगचा संशय आला की तालुक्याला तातडीने कळवायचं, गाव खाली करायचं, टोचणी करायची. त्यामुळे तो शब्द कुलकर्ण्याच्या हाताला पक्का बसलेला होता. इतक्या वर्षांच्या सवयीने ज्याने ‘प्लेग’ लिहिलं नाही, त्याने प्लेगच्या गाठी बघितल्या नाहीत असं धरायला हरकत नाही.

आता पानावरून रोग कसा ओळखायचा ते बघा. प्लेग गावात हळूहळू चढतो. आधी उंदीर पडतात, मग एका आळीत दोन-चार मृत्यू, मग लोक माळावर खोपटी घालून राहायला जातात, आणि मृत्यू दोन-तीन महिने रेंगाळत राहतात. मानमोडीत अर्धं गाव एकाच आठवड्यात अंथरुणाला लागतं आणि मृत्यू तीन ते पाच आठवड्यांत उरकतात. म्हणून कागदावर सप्टेंबर ते डिसेंबर असे आठवडे पाडा आणि प्रत्येक मृत्यूमागे एक रेघ मारा. उंच, अरुंद सुळका दिसला तर मानमोडी. बुटका, लांबट ढिगारा दिसला तर प्लेगचा विचार करा.

काळही जुळतो. मुंबईत 10 जून 1918 ला सात पोलीस शिपाई, त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला असलेला, तापाने दवाखान्यात दाखल झाले, ती पहिली, सौम्य लाट. मारक लाट सप्टेंबरात उठली. मुंबई शहरात 6 ऑक्टोबरला एका दिवसात 768 मृत्यू नोंदले गेले, तो तिथला कळस. तिथून ती रेल्वेने आत शिरली. आपल्याकडे पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा ही मीटरगेजची लाईन तेव्हा चालू होती, बेळगावात लष्कराची छावणी होती, आणि मुंबई सोडून गावाकडे निघालेली माणसं रेल्वेनेच येत होती. तुमचं गाव स्टेशनापासून किती कोसांवर आहे ते बघा आणि जवळच्या एखाद्या रेल्वेकाठच्या गावच्या वहीशी पहिल्या आठ-दहा मृत्यूंच्या तारखा ताडून बघा. आतल्या गावात सुळका आठ-पंधरा दिवस उशिरा आलेला दिसला तर पुस्तिकेसाठी ती फार मोलाची गोष्ट आहे.

तारखांत एक फसगत आहे. एका हाताची, एका शाईची सलग ओळ म्हणजे त्या नोंदी रोजच्या रोज झालेल्या नाहीत. लिहिणाराच आजारी होता, किंवा खबर देणारा कोतवाल. नंतर उठून बसल्यावर एका बैठकीत सगळं उतरवलं. अशा ओळींत तारीख अंदाजाची असते, त्यामुळे एकाच तारखेला पाच-सात जण दिसले तरी ‘एका दिवसात सात गेले’ असं छापू नका. आठवडा धरा, दिवस नको. कुठे तिथी लिहिली असेल तर शके 1840 चं पंचांग काढा. त्या साली दसरा 15 ऑक्टोबरला होता आणि दिवाळीची अवस नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात. हे दोन खुंट धरले की अधल्यामधल्या तिथी सरळ लागतात.

आकडा असा काढा. 1918 चे सप्टेंबर ते डिसेंबरचे सगळे मृत्यू मोजा, कारण काहीही लिहिलेलं असो. मग 1911 ते 1917 या सात वर्षांतले त्याच चार महिन्यांचे मृत्यू वर्षवार मांडा. त्यांची सरासरी काढू नका, मधला आकडा घ्या. समजा सात वर्षांचे आकडे 9, 11, 8, 31, 10, 12, 9 असे आले. यातलं 31 हे प्लेगचं वर्ष. सरासरी काढली तर ती जवळपास 13 येते, म्हणजे एका प्लेगने सगळा पाया वर उचलला. चढत्या क्रमाने लावून मधला घेतला तर 10 येतो, आणि गावचं नेहमीचं मरण तेवढंच होतं. 1918 ला 64 भरले असतील तर 64 वजा 10, म्हणजे 54 हे जादा मृत्यू. 1911 च्या शिरगणतीत (जनगणनेत) गावची वस्ती 1,100 असेल तर हजारी 49. (हे आकडे फक्त रीत कळावी म्हणून घेतलेत, तुमच्या वहीचे तुम्ही घाला.)

हा आकडा कमीत कमी आहे असं त्याच ओळीत लिहा. खानापूरच्या रानातल्या वाड्या, धनगर-गवळ्यांची घरं, कामासाठी येऊन राहिलेली बिऱ्हाडं यांची खबर एरवीही धड वहीत येत नसे, मग तर कोतवालच झोपलेला. पाळण्यातली मुलं नाव ठेवायच्या आधी गेली तर तीही बऱ्याचदा सुटतात.

डॉक्टर_टिळकवाडी

दप्तरी दादांनी रीत छान मांडली आहे. वैद्यकाच्या बाजूने वयांबद्दल बोलतो, कारण रोगाची सगळ्यात मोठी खूण तीच आहे.

नेहमीचा फ्लू तान्ही मुलं आणि म्हातारी माणसं नेतो. 1918 ला मधेच तिसरं शिखर उठलं, वीस ते चाळीस वयाचं. म्हातारे त्या मानाने वाचले. त्यांच्या लहानपणी याच्याशी नातं असलेला एखादा विषाणू फिरून गेला असावा, असं त्याचं एक कारण मानलं जातं. तेव्हा तुमच्या वहीत वयांचे दहा-दहाचे गट पाडा. 20 ते 39 चा वाटा 1918 ला किती आणि आधीच्या वर्षांत किती, एवढी एकच तुलना पुस्तिकेत घातली तरी रोग कुठला हे वाचणाऱ्याला कळेल.

मरण कसं येत होतं तेही लिहा, नाहीतर ‘ताप’ या शब्दाने लोकांची समजूत चुकीची होते. विषाणू अंगात शिरल्यावर एक ते तीन दिवसांत थंडी वाजून ताप, डोकं आणि पाठ फुटल्यासारखी दुखणं, मान टाकून पडणं. बहुतेकांचा ताप तीन-चार दिवसांत उतरे आणि ते बरे होत. ज्यांचं बिघडायचं त्यांचं नेमकं इथेच बिघडे. ताप उतरला म्हणून माणूस उठून कामाला लागला की फिरून ताप, धाप, रक्ताळ फेसाची थुंकी. विषाणूने श्वासनळीचं आतलं अस्तर सोलून काढलेलं असे, आणि घशात एरवी गुपचूप राहणारे न्यूमोकोकस, स्ट्रेप्टोकोकस यांच्यासारखे जंतू त्या उघड्या जागेतून फुप्फुसात उतरत. ओठ, कान, नखं निळी-जांभळी पडली की त्या काळचा डॉक्टर आशा सोडत असे. बरेच मृत्यू दुखणं लागल्यापासून सात ते अकरा दिवसांच्या आसपासचे आहेत. म्हणून गाव आजारी पडण्याचा कळस आणि मृत्यूंचा कळस यांत आठवडा-दीड आठवड्याचं अंतर धरा. वहीत सुळका ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात असेल तर रोग गावात दसऱ्याच्या आधीच शिरलेला होता.

औषध म्हणाल तर नव्हतंच. रोग कशाने होतो हेच ठाऊक नव्हतं. फायफर नावाच्या शास्त्रज्ञाने 1892 मध्ये सांगितलेला एक जंतू दोषी धरला जात होता. माणसाच्या फ्लूचा विषाणू सापडला 1933 मध्ये, आणि न्यूमोनियावर चालणारं पेनिसिलीन लोकांच्या हाताशी आलं 1940 नंतर. ताप म्हटला की कोयनेल (क्विनीन), कारण पोस्टात कोयनेलच्या पुड्या मिळत, पण ते हिवतापाचं औषध, याला त्याचा काडीचा उपयोग नाही. आणखी एक गैरसमज आपल्याच गावात आहे. बेळगावच्या व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटमध्ये ‘तेव्हा लस होती’ असं लोक सांगतात. तिथे वासरांपासून देवीची लस तयार होत असे. तिचा या साथीशी संबंध नाही, ते वाक्य पुस्तिकेत येऊ देऊ नका.

बायकांबद्दल. गरोदरपणात फुप्फुसाला जागा कमी, रक्त पातळ आणि शरीराची प्रतिकाराची रीतही बदललेली. 1919 साली अमेरिकेत 1,350 गरोदर बायकांची पाहणी झाली, त्यात 27 टक्के दगावल्या. त्या सगळ्या इन्फ्लुएंझाने आजारी होत्या हे खरं, तरी एवढं प्रमाण इतर रोग्यांत सहसा नव्हतं. पण गरोदरपण हे पूर्ण उत्तर नाही. आपल्या देशाच्या बहुतेक भागांत त्या वर्षी पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या, आणि हे सगळ्या जगात तसं नव्हतं. आजाऱ्याच्या उशाशी कोण बसत होतं, धुराच्या स्वयंपाकघरात कोण होतं, सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं कोण खात होतं, तापातही पाणी शेंदायला कोण उठत होतं, ते बघा. वर सांगितलं की ताप उतरताच उठणारा मरत होता. घरातल्या सुनेला तिसऱ्या दिवशी उठावंच लागत होतं. पुस्तिकेत हे नक्की लिहा, अगदी ठळक लिहा.

कृष्णाकाठ

वरच्या दोघांनी दुष्काळाचं नाव काढलं नाही म्हणून लिहितो. 1918 चा पाऊस देशभर वाईट फसला, गेल्या दीडशे वर्षांतल्या सगळ्यात कोरड्या सालांत त्याची गणना होते. मुंबई इलाख्यात 1918-19 ला दुष्काळच होता. त्यात युद्धामुळे धान्य, कापड, रॉकेल सगळं महागलेलं, आणि सरकारी डॉक्टरांतले कितीतरी जण मेसोपोटेमियाकडे गेलेले. साथ आली ती भात कापायच्या आणि शाळू (रब्बी ज्वारी) पेरायच्या तोंडावर. म्हणजे खानापूरकडे उभं भात कापायला माणूस नाही आणि पूर्वेकडे पेरणीला माणूस नाही. पुढच्या उन्हाळ्यातली उपासमार काही अंशी इथूनच आलेली. म्हणून 1919 चे मृत्यूही मोजा, पण मानमोडीत मिसळू नका. वेगळी ओळ करा.

वहीत जातीचा रकाना असतो, तोही सोडू नका. मुंबई शहरात सरकारी तक्त्यात ज्यांना ‘खालच्या जाती’ म्हटलंय त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण हजारी 61.6 होतं आणि युरोपियनांत 8.3. विषाणू एकच होता. दाटीची खोली, रिकामं पोट आणि दवाखान्याचं दार यांचा फरक. तुमच्या वहीत वाड्या-आळ्यांप्रमाणे असा हिशोब निघाला तर संकोच न करता छापा, फक्त व्यक्तींची नावं देऊ नका. त्यांची माणसं अजून गावात राहतात.

सीमेचा_नकाशा

एक छोटी गोष्ट, पण इथे हमखास चूक होते. शेजारच्या गावांशी ताडून बघणार असाल तर 1918 ची हद्द आधी लावून घ्या. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात. तालुक्यांची नावं आजची धरू नका: बैलहोंगलकडचा भाग संपगाव तालुक्यात, सौंदत्तीकडचा परसगडात, निपाणी चिकोडीत. चंदगड 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होतं. उलट रायबाग कोल्हापूर संस्थानात, आणि बेळगावला चिकटलेलं शहापूर सांगली संस्थानात. रस्ता ओलांडला की दुसरं राज्य! शहापुरातले मृत्यू इंग्रजी जिल्ह्याच्या तक्त्यात धरलेले नसणार, त्यामुळे ‘बेळगाव शहरात एवढे मृत्यू’ असा आकडा मिळाला तर त्यात शहापूर आहे की नाही हे बघितल्याशिवाय वापरू नका. कोल्हापूर संस्थानचे कागद कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात, इलाख्याचे मुंबईच्या. जिल्हावार आकड्यांसाठी मुंबई इलाख्याच्या सॅनिटरी कमिशनरचा 1918 चा वार्षिक अहवाल मागा, आणि त्यासोबत 1921 च्या शिरगणतीचा सेजविकने लिहिलेला मुंबईचा खंड.

खानापूरची_वही

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवड्यांच्या रेघा मारायला घेतल्या आहेत, सुळकाच उठतोय.

दोन गोष्टी उरल्यात. जून-जुलै 1918 ला वहीत फारसं काही नाही, मग पहिली लाट आमच्याकडे आलीच नाही म्हणायचं का? आणि 1919 च्या जन्मांच्या बाजूला मधेच बरीच पानं जवळजवळ कोरी आहेत. तिथेही कुलकर्णी आजारी पडले होते का? शिवाय मंडळातले एक जण ‘महात्मा गांधींनाही हाच ताप आला होता’ हे वाक्य घाला म्हणतात.

डॉक्टर_टिळकवाडी

पहिली लाट वहीत दिसत नाही याचा अर्थ ती आली नाही असा होत नाही. तिने माणसं आजारी पाडली, मारली थोडी. मृत्यूची वही आजार मोजत नाही. ‘नोंद नाही’ एवढंच लिहा.

गांधीजींचं वाक्य गाळा. 1918 च्या ऑगस्टमध्ये ते मरणाच्या दारी होते हे खरं, पण दुखणं आमांशाचं होतं, आणि तसं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. ‘स्पॅनिश’ हे नावही शीर्षकात नको. युद्धात तटस्थ असलेल्या स्पेनच्या वर्तमानपत्रांवर बंधनं नव्हती, तिथल्या बातम्या उघड छापल्या गेल्या, म्हणून ते नाव पडलं. रोग तिथे जन्मला असा काही पुरावा नाही. आपल्या लोकांनी ठेवलेलं ‘मानमोडी’ हे नाव असताना दुसरं कशाला हवं?

दप्तरी_माणूस

जन्मांची कोरी पानं ही तुमच्या हातातली सगळ्यात चांगली साक्ष आहे, तिच्यावर घाई करू नका. ऑक्टोबर 1918 मध्ये नऊ महिने मिळवा, जुलै 1919 येतो. कोरा भाग जून ते ऑगस्ट 1919 च्या आसपास असेल तर त्यामागे लिहिणाऱ्याचा आजार नाही. त्या महिन्यांत जन्मायची मुलं राहिलीच नाहीत. आया गेल्या, बाप गेले, पोटातली गेली, आणि जी जोडपी वाचली ती अंथरुणावर होती. 1919 ला जन्म घटल्याचं देशभर दिसतं. 1911 ते 1921 या दशकात हिंदुस्थानची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी किंचित कमी झाली, शिरगणती सुरू झाल्यापासून असं दुसऱ्या कुठल्याच दशकात झालेलं नाही. एकूण मृत्यूंचे अंदाज 1 कोटी 20 लाखांपासून 1 कोटी 80 लाखांपर्यंत जातात. एवढी मोठी तफावत का, तर तुमच्यासारख्याच लाखो वह्यांत ती माणसं ‘ताप’ म्हणून गेली किंवा आलीच नाहीत.

नोंदच राहिली की जन्मच झाले नाहीत, हे तपासायला त्याच महिन्यांतली मृत्यूची बाजू बघा. तिथे नोंदी नेहमीसारख्या चालू असतील तर लिहिणारा जागेवर होता, म्हणजे जन्म खरंच कमी झाले. दोन्ही बाजू कोऱ्या असतील तर नोंद राहिली असं समजा. जन्मांचा हिशोबही मृत्यूंसारखाच करा: आधीच्या सात वर्षांचे तेच तीन महिने, मधला आकडा, आणि वजाबाकी.

आणि ते ‘कित्ता’ मोजताना एक करा. पान उलटल्यावर नव्या पानाच्या पहिल्या ओळीला कारण पुन्हा अक्षरात लिहायची रीत होती. तिथेही नुसतं ‘कित्ता’च दिसलं तर मधलं पान गळालंय का ते बघा. अनुक्रमांक सलग आहेत का, आणि वहीच्या शिवणीत फाटलेल्या कागदाची कडा अडकून राहिली आहे का, हे बोट फिरवून तपासा. क्रमांक तुटत असतील तर तुटलेले जितके, तितके मृत्यू ‘पान गहाळ’ म्हणून वेगळे दाखवा, एकूण बेरजेत मिसळू नका. फोटो काढताना वही पूर्ण सपाट दाबू नका, जुनी शिवण तिथेच सुटते. दोन्ही बाजूंना कापडाच्या घड्या देऊन अर्धवट उघडी ठेवा, उजेड खिडकीचा आणि बाजूने येणारा घ्या, म्हणजे फिकट शाईतली वयंही नीट उमटतील.